उझीच्या पिशव्या

पवार वस्ती, टेंभुर्णी
४ नोव्हेंबर २०२४

सुकन्या वन्संना,
सोनालीचा लांबूनच नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, घरात सगळी बरी हायत. माझा फोन बंद पडलाय आणि तात्यांचा फोन म्हंजे गावची दवंडी. त्यांना कमी ऐकू येतंय म्हणून कायम स्पीकरवर. त्यात तुमचा आवाज आला की आत्याबाई फोन सोडत न्हाईत. "माझी लेक सोलापुरात किड्यांची मॅडम" म्हणून शेजारणींना बोलावून ऐकवत्यात. सुनेला कोण बोलू देतंय? तुमच्या भावाजवळ निरोप द्यावा तर ते शनवारी कुर्डुवाडीच्या वर्कशॉपातनं येत्यात आणि निरोप रेल्वेतच इसरून येत्यात.

काम हाय. माझ्या रेशमाच्या दोन बॅच उझीनं खाल्ल्या. उझी म्हंजे आपल्या घरमाशीसारखीच, पण थोराड, पाठीवर पट्टे. किड्याच्या अंगावर अंडं चिकटवती. तिची अळी आत शिरती की किड्याच्या कातड्यावर काळा ठिपका पडतोय. मग किडा खातोय, वाढतोय, आणि ऐन कोष विणायच्या टायमाला मरतोय. पोटच्या लेकरागत पाला घालायचा आणि आतनं भलतीच माशी निघायची. लई जीव जळतोय.

तात्या शेडच्या दारात येऊन म्हणाले, "आता एक बॅच बघायची. ती गेली की तुतीवर ट्रॅक्टर. ऊस लावायचा. श्रीपूरच्या कारखान्याची गाडी बांधावर येती, तुझ्या किड्यांना कोण इचारतंय?" तुमचा भाऊ मान खाली घालून भाकरी खात व्हता.

वन्सं, ह्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच हाय, अर्धा एकर तुती आणि ते पत्र्याचं शेड. तुतीत शिरलं की मला कुणी हाक मारत न्हाय. ती गेली तर मी पुन्हा चुलीपाशी.

उझीला खाणारी माशी असती असं रेडिओवर ऐकलं. खरं हाय का? तुमी त्यातच शिकलात. लवकर लिवा.

सोनाली


सोलापूर
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय सोनाली,

पत्र मिळालं. अक्षर छान आहे गं तुझं. आमचा महिपती बारावीपर्यंत कोंबडीचे पाय काढायचा.

रेडिओवर ऐकलंस ते खरं आहे, आणि गंमत म्हणजे नेमकी तीच माशी माझ्या प्रयोगशाळेत आहे. नाव नेसोलिंक्स. लोक दोघींनाही माशीच म्हणतात, पण उझी आणि ही, यांचं कुळ तर सोडच, गणसुद्धा एक नाही. उझीला पंख दोन. ती घरमाशीच्या बाजूची. हिला पंख चार आणि कंबर बारीक. ही गांधील, मधमाशी, मुंगी यांच्या गणातली. गांधील म्हटल्यावर घाबरू नकोस. ही मोहरीच्या दाण्याहून लहान असते आणि माणसाच्या वाटेला जात नाही.

उझीची अळी किड्यातून बाहेर पडली की मातीत, फटीत शिरते आणि कडक होऊन तपकिरी दाण्यासारखी पडून राहते, ते तू पाहिलं असशील. माझी माशी तो दाणा हुडकते, टोचते आणि आत अंडी घालते. तिची पिल्लं आतली उझी खाऊन, कवचाला भोक पाडून बाहेर येतात. गोचीड, जळू हे परजीवी, पण ते ज्याच्या जिवावर जगतात त्याला सहसा मारत नाहीत. ही मात्र मारूनच बाहेर येते. आणखी एक गंमत सांगते. तिच्या अंड्याला नराचं बीज मिळालं तर मादी होते, नाही मिळालं तर नर. म्हणजे यांच्यात पोरगे बिनबापाचेच.

तू असं कर. शेडातले उझीचे ताजे दाणे वेचून मला पाठव. मी त्यांच्यावर माझ्या माश्या सोडते आणि जाळीच्या पिशव्यांत घालून तुला परत पाठवते. त्या शेडात टांगायच्या. मलाही या कामाचा उपयोग होईल. अजून तासाप्रमाणेच शिकवते आहे मी. एखादा चांगला पेपर झाला तर कायम होण्याच्या मुलाखतीत सांगायला काहीतरी राहील.

तुझी,
सुकन्या


पवार वस्ती
१६ नोव्हेंबर २०२४

वन्सं,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. पोरगं बिनबापाचं हे वाचून मला असं हसू फुटलं की आत्याबाईंनी इचारलं, काय गं, काय लिवलंय लेकीनं? आता त्यांना काय सांगायचं! म्हणलं, अभ्यासाचं हाय. आणि गोचीड मारत न्हाय, नुसती चिकटून बसती, हे वाचून मला एका माणसाची आठवण झाली. नाव लिवत न्हाय, तुमचे वडील लागत्यात.

दाणे वेचलेत. शेडाच्या फटीत सुईनं टोकरून टोकरून काढले. श्रीखंडाच्या डब्यात भुसा घालून सोलापूर गाडीच्या सिद्धप्पा कंडक्टरकडं देते. स्टँडवरनं उतरवून घ्या. नवी बॅच येत्या शुक्रवारी येती. शेड धुतलं, चुना मारला, समद्या खिडक्यांना बारीक जाळी ठोकली, दाराला डबल पडदा लावला. आता बाहेरनं एक उझी आत शिरायची न्हाय. फटीत राहिलेल्यांचं तुमी बघा.

सोनाली


सोलापूर
२३ नोव्हेंबर २०२४

प्रिय सोनाली,

पिशव्या पाठवते आहे. नीट वाच. जाळीची छिद्रं अशी आहेत की माझी माशी त्यातून बाहेर येईल. एखाद्या दाण्यात तिचं अंडं पडलंच नसेल तर त्यातून उझी निघेल, पण ती मोठी असते, जाळीतच अडकून मरेल. म्हणून काही झालं तरी पिशवी उघडायची नाही. रॅकच्या खालच्या बाजूला टांग.

सोबत माझ्या माशीचं चित्र आहे. सूक्ष्मदर्शकाखाली बघून काढलंय, तीन रविवार त्यात गेले. मिशांचं पेरन् पेर मोजून घेतलंय. चित्र आईला दे. मी इतकी वर्षं नक्की काय करते हे तिला कधी कळलंच नाही. लग्न का केलं नाहीस, एवढंच विचारत राहते. बघू दे तिला एकदा.

नोंदी ठेव, किती किडे दगावले वगैरे. मला लागतील.

सुकन्या


पवार वस्ती
२९ नोव्हेंबर २०२४

वन्सं,

पिशव्या टांगल्या. बॅच झकास चाललीय. किडं पाल्यावर तुटून पडत्यात, शेडात पावसाची सर आल्यावानी आवाज येतोय.

तुमच्या चित्रानं तर घरात दिवाळी केली. एवढ्या मोठ्या कागदावर ती माशी पंख पसरून बसलेली. आत्याबाईंनी खंडोबाच्या फोटोशेजारी चिकटवली. आल्यागेल्याला दाखवत्यात, "ही माझ्या सुकन्याची. उझीला खाती." रोज दोनदा शेडात येऊन पिशवीकडं बघत्यात आणि म्हणत्यात, आजून कशी न्हाय निघाली गं? मी म्हणलं, निघंल की, तुमी फक्त हात लावू नका. त्या म्हणाल्या, मला काय कळत न्हाय व्हय?

लई दिसांनी घरात हसणं चाललंय. तात्यासुद्धा काल तुतीपतूर येऊन गेले. बोलले न्हाईत कायबी, पर वरडलेबी न्हाईत.

सोनाली


सोलापूर
२ जानेवारी २०२५

प्रिय सोनाली,

महिनाभर तुझं पत्र नाही. शेवटी काल फोन केला तेव्हा आईकडून कळलं की बॅच गेली. वाईट वाटलं. पण खरं सांगू, रागही आला. आई म्हणाली, तू शेडाचं दार उघडं टाकून तुतीत जात होतीस. सोनाली, डबल पडदा लावून काय उपयोग, जर दारच उघडं राहणार असेल? इतकं समजावून लिहिलं होतं मी.

माझा पेपर या महिनाअखेर द्यायचा आहे. पिशव्यांतून किती माश्या निघाल्या, किती दाणे नुसतेच राहिले, ते कळव. पिशव्या असतील तर तशाच परत पाठव.

सुकन्या


पवार वस्ती
९ जानेवारी २०२५

वन्सं,

पत्र लिवलं न्हाय कारण काय लिवावं कळत नव्हतं. तुमच्या आईचं नाव घ्यायचं जिवावर येत व्हतं. पर आता तुमीच मला दार उघडं टाकणारी म्हणालात, तर ऐका.

दार उघडं नव्हतं. त्या दिवशी मी पाला कापायला गेले व्हते. परत आले तर आत्याबाई रॅकपाशी उभ्या, हातात कातरी, आणि पिशव्या खालनं कापलेल्या. मला बघून हरखून म्हणाल्या, "निघाल्या गं! चांगल्या मोठ्या निघाल्या, चित्रातल्यासारख्या. बिचाऱ्या जाळीत तडफडत व्हत्या, जाळीवर डोकं आपटत व्हत्या. माझ्या लेकीनं एवढ्या कष्टानं केलेल्या, म्या सोडल्या मोकळ्या."

वन्सं, त्या उझी व्हत्या. माझ्या डोळ्यासमोर किड्यांवर बसत व्हत्या. मी पदरानं हाकलत राहिले, कितीक मारल्या, पर पत्र्याला जाऊन चिकटलेल्या कशा मारणार? तुमच्या मोहरीएवढ्या माश्यांचा आजून पत्ताच नव्हता. त्या आठवड्यानं निघाल्या, तवर सगळं व्हऊन गेलं व्हतं.

त्यांनी चित्र बघितलेलं, आणि चित्रातली माशी तळहाताएवढी. तुमी खाली बारीक रेघ मारून लिवलंय, एक मिलिमीटर. आत्याबाईंना वाचता येत न्हाय, वन्सं. मला ठाऊक व्हतं ती केवढी असती, मी त्यांना सांगितलं न्हाय. मला वाटलंच न्हाय सांगावं लागंल.

किडं मरायला लागलं तवा आत्याबाईंना कळलं. त्या रात्री जेवल्या न्हाईत. पर सकाळी तात्यांनी इचारलं, कसं झालं, तर म्हणाल्या, दार उघडं राहिलं असंल. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाय.

तात्या ट्रॅक्टरचं बोलून आलेत. माझं ऐकत न्हाईत. म्हणत्यात, चुकीवर पांघरूण घालायला सासूचं नाव घेतीस? तुमचं ते ऐकत्यात. तुमी शिकलेल्या. आत्याबाईंना दोष देऊ नका, त्यांनी मायेनं केलं. फक्त एवढं म्हणा, सोनालीची चूक न्हाय, पिशवीतलीच उझी निघाली, आजून एक बॅच बघू द्या. रविवारी सकाळी सगळी घरात असत्यात. मी तात्यांच्या फोनवरनं तुमाला लावते. एवढंच करा. मी आजवर तुमच्याकडं दुसरं काय मागितलं?

सोनाली


सोलापूर
२० जानेवारी २०२५

प्रिय सोनाली,

रविवारपासून तू चिडली असशील. माझी बाजूही ऐक.

फोन स्पीकरवर होता. तात्या गरजत होते, "काय गं, पिशवीतनं उझी निघाली म्हणती ही, खरं हाय का?" मागे आईचा खोकला ऐकू येत होता. ती तिथंच बसली होती, सोनाली. मी व्हय म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, पिशवी कुणी उघडली? तात्यांनी तिला सगळ्यांसमोर काय काय ऐकवलं असतं, ते तुला माहीत नाही. मी लहानपणी ऐकलंय. ते मला पुन्हा ऐकवलं नसतं. म्हणून मी म्हटलं, "मी लिहून कळवलं होतं, पिशवी उघडायची नाही म्हणून. पुढचं मला माहीत नाही." यात खोटं काही नाही.

मुलाखतही पुढच्या महिन्यात आहे. माझ्या पिशव्यांतून उझी निघाली असं गावात, मग रेशीमवाल्यांत झालं, तर माझ्या आठ वर्षांच्या कामावर पाणी. तू समजूतदार आहेस. थोडं सोस. तुती पुन्हा लावता येते.

सुकन्या


पवार वस्ती
२ फेब्रुवारी २०२५

वन्सं,

तुती पुन्हा लावता येते, व्हय. कुणाच्या रानात लावू?

काल मल्लिनाथचा ट्रॅक्टर आला. झाडं लई मुळं धरून व्हती, नांगर दोनदा अडकला. पाला हिरवागार व्हता, त्यावर शेरडं सोडली. तुमचा भाऊ बांधावर खिशात हात घालून उभा. मी म्हणलं, बोला की कायतरी. तर म्हणाला, तात्यांच्या पुढं कोण बोलणार? आत्याबाईंनी मला चहा करून आणला. लग्न झाल्यापासनं पहिल्यांदा. मी कप तिथंच बांधावर पालथा केला. मला लाज वाटली न्हाय.

तुमचं 'पुढचं मला माहीत नाही' ऐकून तात्या माझ्याकडं बघून हसले. ते हसणं मी मरेपतूर इसरणार न्हाय. तुमची आई वाचावी म्हणून केलंत, मान्य. तुमाला आई हाय. मी कुणाची कोण? एवढं तरी म्हणायचं व्हतं, "पोरगी खोटं बोलायची न्हाय." त्यात कुणाचं नाव येत नव्हतं.

आता दुसरं. परवा रेशीम कार्यालयातले साहेब वस्तीवर आले व्हते. मी त्या कापलेल्या पिशव्यांतली एक ठेवली व्हती, ती दाखवली. त्यांनी दाणे हातावर घेतले आणि इचारलं, "ह्यात उझीचेच दाणे? कुणी केलं हे?" म्हणाले, ही माशी घरमाशीच्या दाण्यावर वाढवत्यात. एखाद्या दाण्यात अंडं न्हाय पडलं तरी घरमाशीच निघती, ती किड्याला कायबी करत न्हाय. पिशवी फाटली, उघडली, उंदरानं कुरतडली, तरी भ्या न्हाय.

साहेबांना तुमचं नाव सांगितलं न्हाय.

मी सुईनं टोकरून माझ्या शेडातली उझी बाहेर काढली आणि तुमी तीच पिशवीत घालून परत माझ्या शेडात टांगायला दिली. घरमाशीचं तुमाला ठाऊक व्हतं का? व्हय की न्हाय, एवढंच लिवा.

सोनाली


सोलापूर
२१ मार्च २०२५

प्रिय सोनाली,

उत्तराला उशीर झाला. मुलाखतीच्या धावपळीत होते. आता कायम झाले आहे. आईला फोनवर सांगितलं, ती रडली. तुलाही आनंद होईल असं वाटतं.

तू विचारलंस त्याबद्दल. घरमाशीवर काम सगळ्यांनीच केलेलं आहे, त्यात नवीन काही उरलेलं नाही. उझीवरच वाढवलेली माशी जास्त जोमदार निघते का, हे मला बघायचं होतं. संशोधनात थोडी जोखीम असतेच. आणि पिशव्या उघडल्या गेल्या नसत्या तर काहीही झालं नसतं, हे तूही नाकारणार नाहीस. पेपरमध्ये मला 'शेतकऱ्याकडून पिशव्यांची अयोग्य हाताळणी' असं लिहावं लागलं, कारण तसं झालंच होतं. तिथं तुझं नाव नाही. तुझं नाव मी शेवटी आभारांत घातलं आहे. छापून आलं की प्रत पाठवते.

काम पुढे न्यायचं आहे. माझ्याकडचे उझीचे दाणे संपलेत आणि शहरात कुठून आणू? तुझ्या शेडाच्या फटीत असतील, तर मागच्यासारखे वेचून सिद्धप्पाकडे देशील का? घाई नाही, पण एप्रिल तापायच्या आत मिळाले तर बरं. आपलं बोलणं कडवट झालं ते जाऊ दे. शेवटी आपण घरचीच माणसं.

तुझी,
सुकन्या


पवार वस्ती
२८ मार्च २०२५

वन्सं,

कायम झालात, चांगलं झालं. आत्याबाईंनी वस्तीवर पेढे वाटले. मीच घरोघर नेऊन दिले.

मी 'व्हय की न्हाय' एवढंच इचारलं व्हतं. तुमी एवढं मोठं लिवलंत, त्यावरनं कळलं.

तुमी सांगितलंत म्हणून शेडात जाऊन बघितलं. आता तितं तात्यांची खताची पोती हायत. ती सरकवली, फटी टोकरल्या, माती चाळणीनं चाळली. एक दाणा न्हाय. कुटनं असणार? तुती न्हाय म्हणून किडं न्हाईत, किडं न्हाईत म्हणून उझी न्हाय. ती काय माझ्यासारखी रिकाम्या घरात बसून राहणार हाय? खायला मिळतंय तितं गेली.

आभारातनं माझं नाव तेवढं काढा. आणि पुढचा पेपर लिवाल तवा दाण्यांसाठी अडून बसू नका. खुशाल लिवा की पवार वस्तीवरच्या शेडातली उझी समूळ गेली, औषधाला एक सापडत न्हाय. कुणी तपासायला आलं तर मी स्वतः दार उघडून दाखवीन.

सोनाली